एका ओटीचा हिशेब: सौंदत्तीचा डोंगर आणि देशाची वाढ

माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बेळगावहून सौंदत्तीच्या गाडीत बसलो. तिघांच्या बाकावर खिडकीशी आई, मध्ये मावशी, कडेला मी. कंडक्टर आल्यावर आईनं आधारकार्ड दाखवलं आणि तिला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं. मावशीचं कार्ड कोल्हापूरचं, तिला पूर्ण भाडं पडलं. सकाळी कोल्हापूरहून एसटीनं येताना तिला महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट होतं आणि कोगनोळीच्या पुढं पूर्ण. "एका आईच्या पोटच्या आम्ही, आणि भाडी बघ किती तऱ्हेची," असं म्हणून तिनं ओटीची पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि बैलहोंगल येईपर्यंत डोळे मिटले.

माझं काम दुकानदारांच्या वह्या लिहिण्याचं. पर्यटन वाढलं की देशाची अर्थव्यवस्था वाढते, हे वाक्य मी वर्तमानपत्रात आणि भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की एकदा तरी ते जमाखर्चात उतरवून बघावं असं वाटत होतं. त्यासाठी सौंदत्तीसारखी जागा नाही. इथं येणारा माणूस स्वतःला पर्यटक म्हणवत नाही, तो डोंगराला जातो. पण सरकारी हिशेबात घर सोडून देवाला गेलेला माणूस हाही पर्यटकच, आणि आपल्या देशातल्या पर्यटनाचा फार मोठा भाग अशाच माणसांचा आहे. २०२३ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी सुमारे २५० कोटी नोंदल्या गेल्या. परदेशी पर्यटक मात्र त्या साली एक कोटीही नव्हते.

डोंगर आणि दोन पुनवा

सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रट्ट राजांच्या काळात हे सुगंधवर्ती, त्यांची राजधानी. पुढं ती राजधानी वेणुग्रामाला, म्हणजे आमच्या बेळगावला हलली. गावापासून चार-पाच किलोमीटरवर रेणुका यल्लम्माचा डोंगर, आणि जवळच मलप्रभेवर नविलुतीर्थाचं धरण. ही मलप्रभा खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावते, म्हणजे आमच्या मराठी मुलखातलं पाणी देवीच्या पायथ्याशी जातं. मावशीला हे दर वेळी सांगावंसं वाटतं, आणि मला ते दर वेळी ऐकावंसं वाटतं.

यात्रा वर्षभर चालते, पण गर्दीच्या पौर्णिमा दोन. मार्गशीर्षातली लोकांच्या तोंडी रांडाव पुनव, माघातली आहेव पुनव. जमदग्नींच्या वधानंतर देवीला वैधव्य येतं म्हणून मार्गशीर्षात बांगड्या फोडल्या जातात आणि माघात ती पुन्हा सवाष्ण होते म्हणून नव्या भरल्या जातात. कोल्हापूर, सांगली, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी आणि बेळगाव इथून माणसं लोटतात. सौंदत्तीला रेल्वे नाही, म्हणून सगळा भार एसटी, कर्नाटकची लाल गाडी, ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपवर. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना शक्ती योजनेत साध्या गाड्यांचा प्रवास मोफत झाला आणि देवस्थानांच्या वाटेवरच्या गाड्या खच्चून भरू लागल्या. आमच्या गल्लीतल्या ज्या बायका पाच वर्षांतून एकदा डोंगराला जायच्या, त्या आता वर्षातून दोनदा जातात.

मग देशाचं उत्पन्न वाढलं का?

लगेच हो म्हणता येत नाही. मावशीनं सौंदत्तीला खर्च केलेले पैसे तिनं कोल्हापुरात कशावर तरी खर्च केलेच असते. देवीला साडी घेतली म्हणून स्वतःची एक साडी कमी घेतली. देशाच्या वहीत ही रक्कम एका पानावरून दुसऱ्या पानावर गेली, एवढंच. जिल्ह्याच्या वहीत मात्र ती नवी जमा आहे, कारण पैसा बाहेरून आला. परदेशी पाहुण्याचं तसं नसतं. तो डॉलर घेऊन येतो, तो निर्यातीसारखा असतो. पर्यटनामुळं वाढ होते हे सांगताना ज्या अभ्यासाचं नाव हमखास घेतलं जातं तो स्पेनवरचा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९७५ ते १९९७ ची आकडेवारी घेऊन पर्यटन आणि वाढ यांचं दीर्घकालीन नातं दाखवलं होतं. तिथं परकीय चलन आलं आणि त्यातून यंत्रसामग्री आयात करता आली. पण २००५ मध्ये दक्षिण कोरियावर तसाच अभ्यास झाला तेव्हा उलट चित्र निघालं: देश श्रीमंत झाला म्हणून पर्यटन वाढलं. एका देशाचं सूत्र उचलून दुसऱ्यावर चिकटवू नये, हे मला त्यावरून पटलं. सौंदत्तीला तर परकीय चलन नावालाही येत नाही. इथं वाढ व्हायचीच तर ती दुसऱ्या वाटेनं व्हायला हवी, आणि ती वाट मला ओटीत सापडली.

ओटीतल्या वस्तू

डोंगराखाली दुकानांची रांग लागते तिथं मावशी एका दुकानाशी थांबली. ओटीसाठी खण हवा होता. दुकानदारानं वरच्या गठ्ठ्यातला एक काढून पुढं टाकला. मावशीनं तो दोन बोटांत चोळला, उलटा केला, काठ बघितला आणि परत ठेवला. "हा नको. घामाला चिकटतोय. गुळेदगुड्डचा आहे का?" दुकानदार वाकला, फळीखालून कापडात गुंडाळलेला वेगळा गठ्ठा काढला. तो खण खरखरीत होता, काठावर रेशमाची चमक होती, आणि वाकडा केला तर घडी राहत होती. किंमत पहिल्याच्या कितीतरी पट. आईनं डोळ्यानंच नको म्हटलं. मावशीनं घेतला.

या दोन खणांत माझा सगळा विषय आहे. गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या शेजारी. तिथं खण हातमागावर विणतात आणि माग कमी होत चाललेत. पहिला खण कृत्रिम धाग्याचा, कुठल्या तरी लांबच्या यंत्रमागावरून आलेला. पहिल्या खणाचे पैसे दुकानदाराच्या नफ्याएवढे जिल्ह्यात थांबले आणि बाकीचे त्याच आठवड्यात राज्याबाहेर गेले. दुसऱ्या खणाचे पैसे शेजारच्या जिल्ह्यातल्या विणकराकडं, रंगाऱ्याकडं, कांड्या भरणाऱ्या त्याच्या बायकोकडं गेले.

ओटीतल्या बाकीच्या वस्तूंचं मी परतीच्या गाडीत पाठीमागच्या पानावर लिहीत गेलो. हिरव्या काचेच्या बांगड्या: उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. देवीच्या कथेमुळंच बांगड्यांची मागणी वर्षातून ठराविक वेळी वर येते, पण ती मागणी आमच्याकडं एकही भट्टी पेटवत नाही. भरणारीची मजुरी तेवढी इथली, आणि ती मजुरी खरी आहे. मावशीचा सुजलेला अंगठा दाबून, साबण लावून, एकही बांगडी न पिचवता तिनं डझनभर भरल्या. नारळ: बहुतेक तिपटूर-अरसीकेरे भागातला, म्हणजे राज्यातलाच. भंडारा: याची कथा मोठी मजेची. गोकाक, मूडलगी, अथणीकडचा शेतकरी हळद पिकवतो, ती सांगलीच्या बाजारात विकतो, तिथं तिची पूड होते आणि तीच पिवळी पूड डोंगरावर उधळायला परत येते. हळद सीमा दोनदा ओलांडते. शेतकरी इकडचा, व्यापारी तिकडचा, उधळणारा पुन्हा तिकडचा. यात कुणाचं उत्पन्न कुठल्या राज्याचं हे वेगळं काढायला बसलं तर हिशेब संपणार नाही.

साडी: आमच्या घरात यावरून शब्दाला शब्द लागला. आमचं घर शहापुरात. शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा पट्टा. लहानपणी मागांचा खटखटाट थांबला की आम्हाला जाग यायची. देवीला नेसवायच्या साड्या इथून डोंगराला जायला काहीच अडचण नाही, ऐंशी-नव्वद किलोमीटरचा प्रश्न. पण दुकानात हात लावावा ती साडी सुरतेची निघते, कारण ती स्वस्त पडते. देवीला चढलेली साडी बऱ्याचदा पुन्हा विक्रीला येते, त्यामुळं भक्तालाही भारी साडी घ्यायचं मन होत नाही. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. पण दर पुनवेला लाखो ओट्या भरल्या जातात त्या ठिकाणापासून दीड तासावर माग बंद पडतात, हे बघून मला वाईट वाटतं.

याचं गणित सोपं आहे. समजा भक्तानं हजार रुपये खर्च केले आणि त्यातला दर रुपयातला तीस पैसे वाटा भागातल्या माणसांच्या हातात राहिला, आणि त्यांनीही तो तसाच खर्च केला. तर ३००, मग ९०, मग २७ असं करत भागाची एकूण कमाई साधारण ४२९ रुपये होते. आता वाटा साठ पैसे धरा. ६००, ३६०, २१६ असं करत ती १५०० वर जाते. भक्त तोच, हजार रुपये तेच. गर्दी एका माणसानंही वाढलेली नाही आणि कमाई साडेतीनपट झाली. म्हणून इतक्या लाख भाविकांनी दर्शन घेतलं अशी बातमी आली की मला विचारावंसं वाटतं, त्यांच्या ओटीत काय होतं?

तीन दगडांची चूल

डोंगराला आलेली निम्मी-अधिक माणसं हॉटेलात जेवत नाहीत. झाडाखाली, गाडीच्या सावलीत तीन दगड मांडून चूल पेटते, घरून आणलेलं पीठ-मीठ निघतं. पर्यटनाच्या पुस्तकात याला कमी खर्चाचा पर्यटक म्हणतील. पण त्या चुलीभोवतीही एक व्यवहार उभा असतो. आम्ही पातेलं आणि परात ज्या बाईकडून भाड्यानं घेतली, ती पायथ्याच्या गावची. सरपणाची मोळीही तिच्याचकडं होती. कानडी आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून ती बोलत होती. मी विचारलं, वर्षभर हाच धंदा का? तर म्हणाली, "दोन पुनवा माझ्या, अण्णा. बाकीचे दिवस मालकाच्या रानात."

या बाईच्या दोन पुनवा माझ्या मते देशाच्या दृष्टीनं सारख्या नाहीत. मार्गशीर्षात काळ्या रानात शाळू उभा असतो, मजुराच्या हाताला काम कमी. त्या पुनवेला ती जे कमावते ते सगळं नवं, कारण ती नाहीतर रिकामी बसली असती. माघात मात्र हरभरा आणि शाळूच्या काढणीची गडबड सुरू होते. डोंगरावर उभी राहिली की तिची रानातली हजेरी बुडते. तेव्हा तिची वाढ म्हणजे यात्रेची कमाई वजा बुडालेली मजुरी. देशांतर्गत पर्यटनानं देशाचं उत्पन्न खरोखर वाढतं ते इथं: रिकाम्या हातांना, रिकाम्या दिवसांत काम मिळतं तेव्हा. नुसता पैसा इकडून तिकडं गेला तर वाढत नाही.

आणि हे काम वहीत कितपत येतं? नारळ, कुंकू, काचेच्या बांगड्या यांच्यावर जीएसटी नाही. भांडी भाड्यानं देणाऱ्या बाईची कुठं नोंदच नाही. देशाचं उत्पन्न काढताना असल्या धंद्यांचा अंदाज असंघटित उद्योगांच्या नमुना सर्वेक्षणांवरून बांधतात. लॉजची खोली मात्र नीट दिसते. हजाराच्या आतल्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के कर आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के झाला, आणि राज्याचा वाटा खोली ज्या राज्यात आहे त्याला मिळतो. मग सरकारला जे दिसतं त्याचीच वाढ करावीशी वाटते: खोल्या, पार्किंग, व्यापारी गाळे. चूल दिसत नाही.

दोनदा थांबलेली यात्रा

एखाद्या गोष्टीचं वजन ती थांबली की कळतं. २०२० च्या मार्चमध्ये देऊळ भाविकांना बंद झालं ते कित्येक महिने बंदच राहिलं. देशाच्या पातळीवर पर्यटन मंत्रालयाच्या हिशेबात पर्यटनाचा वाटा त्याआधी राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या थोडा वर होता, तो २०२०-२१ मध्ये दीड टक्क्यावर आला. २०२२-२३ मध्ये तो परत पाचावर पोचला. आकडा परत आला म्हणजे माणूस परत आला असं नाही. डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू विकणाऱ्यांतले काही जण त्या काळात धारवाड-हुबळीकडं मजुरीला गेले, आणि त्यांची जागा जास्त भांडवलवाल्या दुकानदारांनी घेतली, असं तिथले लोक सांगतात.

दुसरी खीळ आमची स्वतःची. ६ डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्नावरून तणाव वाढला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीत महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. मार्गशीर्ष पौर्णिमा त्याच आठवड्यात होती. कोल्हापूरची माणसं डोंगरावर आणि गाड्यांचं काय होणार ही चिंता इकडं. मावशी त्या वर्षी गेलीच नाही. सीमाभागात वाढलेला माणूस म्हणून या प्रश्नावर माझं मन काय आहे ते लपवायचं कारण नाही. माझी भाषा मराठी आहे आणि तिचा मान राहावा असं मला मनापासून वाटतं. पण दगड बसला त्या दिवशी नुकसान कुणाचं झालं? पायथ्याच्या कानडी बाईचं पातेलं भाड्यानं गेलं नाही आणि सांगलीच्या व्यापाऱ्याचा भंडारा पोत्यात राहिला.

भाषेचा आणखी एक साधा मुद्दा. रांग कुठं सुरू होते, पिण्याचं पाणी कुठं, बायकांचं स्वच्छतागृह कुठं, हे सांगणाऱ्या पाट्यांपाशी मावशी दरवेळी अडते. तिनं आईला विचारायचं, आईनं मला. इतके भाविक मराठी बोलणारे असतील तर कानडीखाली मराठी ओळ असणं ही पाहुणचाराची गोष्ट आहे आणि धंद्याचीही.

शंभर कोटी आणि एक जुनं कर्ज

२०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाच्या योजनेतून पर्यटनाची ४० कामं मंजूर केली. २३ राज्यं, मिळून सुमारे ३,२९५ कोटी रुपये. त्यात सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराचे १०० कोटी आहेत. इथं पहिल्यांदा राष्ट्रीय वाढीशी थेट गाठ पडते, कारण भांडवल उभं राहणं ही खरी वाढ आहे. ते पुढची कित्येक वर्षं काम देतं. पण कोणतं भांडवल? माझ्या मते पहिलं पाणी आणि स्वच्छतागृहं, कारण रात्री मुक्कामाला बाई थांबेल की नाही हे त्यावर ठरतं, आणि मुक्काम झाला की खर्च होतो. दुसरं, दुकानांच्या रांगेत गुळेदगुड्डच्या खणाला, इलकलच्या साडीला आणि आमच्या वडगावच्या मागाला ठरलेली, स्वस्त भाड्याची जागा. तिसरं, चुलीसाठी शेड आणि धुराची सोय, म्हणजे भांडीवालीचा धंदा हाकलला जाणार नाही. सिमेंटची कमान शेवटी आली तरी चालेल.

यल्लम्माच्या डोंगराबद्दल लिहायचं आणि देवदासींबद्दल गप्प बसायचं हे मला जमणार नाही. कित्येक पिढ्या या यात्रेच्या उलाढालीत मुलींचं आयुष्य खर्ची पडलं. कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं मुली देवाला सोडण्यावर बंदी घातली. १९९७ मध्ये घटप्रभेला पूर्वाश्रमीच्या देवदासींनी मिळून 'मास' ही संस्था उभी केली, आणि प्रथा मोडण्याचं कष्टाचं काम त्या बायकांनी स्वतः केलं. उत्पन्नाच्या आकड्यात पूर्वी हेही 'यात्रेचं उत्पन्न' म्हणूनच मोजलं गेलं असतं. म्हणून शंभर कोटींतल्या गाळ्यांची वाटणी होईल तेव्हा या बायकांच्या बचत गटांचं नाव यादीत वर असावं. हा उपकार नव्हे, जुनी बाकी आहे.

परत बेळगावला आलो. मावशी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला गेली. तिची यात्रा अजून संपली नव्हती. डोंगराहून आल्यावर कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या यल्लम्माला आंबील-घुगऱ्या, दहीभात, वांग्याची भाजी, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य लागतो. आठवड्यानं तिचा फोन आला. नैवेद्याची वांगी मंडईत महाग पडली, म्हणाली, आणि भंडाऱ्याची पुडी संपली म्हणून सांगलीची हळद घेतली. मी वही काढून तेही लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "त्या भांडीवाल्या बाईचं नाव विचारलंस का रे? पुढच्या पुनवेला तिच्याकडंच जाऊ."

विचारलं नव्हतं. मार्गशीर्षात विचारीन.